लाल काचेवरचं झाकण

दि. १२ जानेवारी

श्री. साडूभाऊ यांना,

सप्रेम नमस्कार. हा शब्द हाताच्या सवयीने उतरला. त्यातलं प्रेम वगळून वाचलंत तरी चालेल. इकडे सगळे ठीक. ताईंचा गुडघा आता बरा असेल. तुमच्या स्टुडिओला नवी पाटी लागली असं ऐकलं, म्हणून मुद्दाम त्या रस्त्याने गेलो. अक्षरं चांगली मोठी काढून घेतलीत. पलीकडच्या फुटपाथवरून वाचता येतात. मी पलीकडच्याच फुटपाथवर होतो.

फोन केला असता, पण तुम्ही उचलत नाही. मागे एकदा ताईंनी उचलला तेव्हा तुम्ही आतून "बाहेर गेलेत म्हण" असं पुटपुटलात, तेही मला ऐकू आलं. माझ्या कानांचा मला धंद्यात फायदा होतो आणि नात्यात तोटा. म्हणून पत्र. पत्रात मागून कोणी पुटपुटत नाही.

काम असं. परवा आमची ही माहेरी जाऊन आली. हल्ली ती कशी जाते ते तुम्हाला माहीत आहे. खुर्चीच्या कडेवर बसते, बाबांच्या औषधांची चौकशी करते, पाणी पिते आणि निघते. त्या घरात जन्मलेली मुलगी, आणि पाहुण्यासारखी चपला दाराकडे तोंड करून काढते. या खेपेला येताना तिने बाबांच्या टेबलावरून एक पाकीट आणलं. आपल्या सगळ्यांचा मागच्या अंगणातला ग्रुप फोटो. आईंचा शेवटचा.

वर्ष होऊन गेलं, पण तो फोटो मी आजवर पाहिला नव्हता. दाखवण्याच्या लायकीचा मी राहिलो नव्हतो ना. फक्त ऐकला होता. बाबांच्या त्या घडीच्या कॅमेऱ्याचा पुढचा चामडी भाता मी दुरुस्त केला होता. कोपऱ्यांतली सुईच्या टोकाएवढी भोकं बुजवली, मागच्या दाराच्या खाचेत मखमलीची नवी पट्टी बसवली, आत दिवा घालून काळोख्या कपाटात तपासला आणि बाबांच्या हातात दिला. पुढच्या आठवड्यात त्यांनी हा फोटो काढला. तुम्ही फिल्म धुतलीत. आणि आईंना पोचवून आल्यावर, घर माणसांनी भरलेलं असताना, तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "कॅमेरा गळतोय. काय दुरुस्त केलं ह्यांनी, त्यांनाच ठाऊक. आईंच्या चेहऱ्यावरच उजेड सांडलाय."

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यानंतर आजतागायत माझ्याशी बोललेले नाहीत.

आणि तुमच्या घरात माझं नाव पडलं 'गळका'. "गळके काका आले." तुमच्या मुलीने परवा बाजारात हाक मारली, गिऱ्हाइकासमोर. मी हसलो. मी हसतोच. हसऱ्या माणसाला लागत नाही असा लोकांचा समज असतो.

आता फोटो माझ्या टेबलावर आहे, भिंगाखाली. तुम्ही या धंद्यातले, मीही या धंद्यातला, तेव्हा उगाच शिकवत नाही. तुम्हाला माहीत असलेलंच तुम्हाला सांगतो, म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. भात्याला भोक असेल तर धुरासारखा डाग येतो, त्याला कड नसते. मागच्या दारातून उजेड शिरला तर काठाकडून पट्टा येतो. या फोटोत पट्टा नाही, धूर नाही. बरोबर मध्यभागी पांढरा, गोल, बटणासारखा डाग आहे. मध्यभागी आई बसल्या होत्या म्हणून त्यांचा चेहरा गेला. आणि त्या पांढऱ्या गोलाच्या पोटात, नीट बघितलं तर, एका अंकाचा पुसट ठसा आहे.

तो अंक फिल्मच्या पाठीवरच्या कागदावर असतो. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल काचेतून तो वाचायचा, कितवा फोटो आला ते बघायचं आणि काचेवरचं झाकण सरकवून बंद करायचं. बाबांनीच आपल्याला शिकवलं: उघड, आण, झाक. झाकण उघडं राहिलं आणि काचेवर ऊन पडलं तर ऊन कागदातून झिरपतं, आणि जाताना अंकाची सावली ठेवून जातं.

म्हणजे माझा भाता नाही. माझी मखमल नाही. कुणीतरी झाकण उघडं ठेवलं.

निगेटिव्ह ओली असतानाच तुम्हाला हे दिसलं असणार. इतकी वर्षं फिल्म धुतलेल्या माणसाला हे दिसत नाही असं मला सांगू नका. मला दुसरंच विचारायचंय. बाबांना तो अंक आता भिंगाशिवाय वाचता येत नाही. त्या दिवशी कॅमेऱ्याच्या तिकाटण्यापाशी त्यांच्याशिवाय कोण उभं होतं?

उत्तराची वाट बघतो.

तुमचा साडू,
(दुसरं नाव मी लिहिणार नाही)


दि. २३ जानेवारी

साडूभाऊ,

तुमची चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, औषधाच्या बाटलीवर चिकटवतात तेवढा कागद. "जुनं उकरू नका. बाबांना त्रास होईल." खाली सहीसुद्धा नाही. पाटीवर एवढी अक्षरं आणि चिठ्ठीला सही नाही!

बाबांच्या त्रासाची काळजी तुम्हाला, आणि मला नाही? त्यांच्या मागून तिकाटणं वाहत मी या गावात उभा राहिलो. तुम्ही त्या घरात आलात ते जावई म्हणून, बूट घालून. मी आलो तो हमाल म्हणून, मागच्या दाराने. नंतर जावई झालो, तेव्हा तुम्ही ताईंना काय म्हणालात तेही मी जिन्यावरून ऐकलं होतं. जाऊ द्या. शटर मंदावलं की बाबा मला हाक मारायचे, "इकडे ये रे, जरा कान लाव." मी कान लावायचो आणि सांगायचो की दम कुठे लागतोय. ते म्हणायचे, "याच्या कानात घड्याळजी बसलाय." गेलं वर्षभर ते आपले कॅमेरे परगावी पाठवतात. रिक्षा माझ्या दुकानावरूनच जाते.

त्या दिवसाचं मी पुन्हा सगळं आठवून पाहिलं. ऊन पाठीशी घ्यायचं हा बाबांचा नियम, म्हणून आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत ऊन. मी मागच्या रांगेत डोळे बारीक करून उभा. तिकाटण्यापाशी दोन आकृत्या, एक बाबांची, एक तुमची. फिल्म कोणी फिरवली ते उन्हामुळे मला दिसलं नाही, आणि पोरांच्या गोंधळात ऐकूही आलं नाही. मग बाबा आईंचा स्कार्फ सारखा करायला पुढे आले. बराच वेळ तिथेच. ताई ओरडल्या, "बाबा, माना अवघडल्या आमच्या!" आई हळूच म्हणाल्या, "तुम्हीच पुढे उभे राहिलात तर मी दिसणार कुणाला?" बाबा म्हणाले, "मला दिसतेस ना." हे फक्त मी ऐकलं. आज लिहितोय ते प्रेमाच्या गोष्टी सांगायला नव्हे. एरवी बाबा कॅमेऱ्याच्या मागे उभे असतात, त्यांची सावली काचेवर असते. त्या दिवशी ते पुढे होते, आणि तेवढा सगळा वेळ ऊन कॅमेऱ्याच्या पाठीत घुसत होतं. कॅमेऱ्यापाशी राहिलात तुम्ही. मग बाबांनी वळून सांगितलं, "जा, तूही उभा राहा," आणि तुम्ही धावत येऊन कडेला उभे राहिलात, केस सारखे करत.

फिल्म तुम्ही फिरवलीत. झाकण तुम्ही उघडं टाकलंत. ते धुताना तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. दुरुस्तीवाला हाताशी होताच. एवढी सोपी गोष्ट समजायला मला वर्ष लागलं, कारण तुम्ही मला फोटो दाखवला नाहीत.

मी बाबांकडे जाणार आहे. फोटो घेऊन आणि कॅमेऱ्यात कोरी फिल्म घालून. त्यांना डोळ्यांनी दाखवीन की डाग कसा येतो. मग त्यांनी कुणाशी बोलायचं आणि कुणाशी नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

त्याआधी तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत तर माझी रिक्षा वाचेल.

तुमचा साडू


दि. ६ फेब्रुवारी

साडूभाऊ,

तुम्ही गेला नाहीत. मी गेलो. काय झालं ते आता नीट वाचा, आणि मोठ्याने वाचू नका. घरात पोरं असतील.

दुपारी गेलो. बाबा मागच्या खोलीत, खिडकीपाशी. कॅमेरा टेबलावर उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला. मी दारात उभा राहिलो, तर वर न बघता म्हणाले, "कोण?"

म्हटलं, "मी."

"मी म्हणजे कोण?" ओळखलं होतं त्यांनी. आवाजात कळतं.

"तुमचा घड्याळजी."

मग म्हणाले, "ये. उभा राहिलास की उजेड अडतो."

एक वर्षानंतर हे पहिलं वाक्य. मी बसलो. फोटोचं पाकीट माझ्या मांडीवर, आणि तोंडात वाक्य तयार. रिक्षात घोकत आलो होतो. तुमच्याबद्दलचं वाक्य होतं, चांगलं धारदार. म्हटलं, "बाबा, ही फिल्म भरून दाखवता का? मला एक बघायचंय."

"माझी परीक्षा घेतोस काय रे?" म्हणाले, पण हात पुढे आला. फिल्म भरली. बोटं अजून तशीच, साडूभाऊ. डोळे गेले, पण बोटांना रस्ता पाठ आहे. मी म्हटलं, "नंबर आणायला आता दादा लागत असतील ना मदतीला?" दादा म्हणजे तुम्ही.

बाबा तडकले. "कॅमेऱ्याला मी कुणाला हात लावू दिलाय कधी? त्या दिवशीसुद्धा पुढे पुढे करत होता. म्हटलं, बाजूला हो, ऊन खा."

मग त्यांनी टेबलावरचं भिंग उचललं, कॅमेरा पालथा धरला आणि झाकण सरकवलं. टिक्. फिल्म फिरवली, अंक आणला, "आला बघ" म्हणाले, आणि कॅमेरा खिडकीत ठेवून दिला. उन्हात.

मी दुसऱ्या टिक्ची, झाकण बंद होण्याची, वाट बघत बसलो.

तो आला नाही.

बाबा बोलत होते, गुडघ्याचं, शेजाऱ्यांच्या नळाचं, काय काय. मला एक शब्द कळत नव्हता. माझे सगळे कान त्या खिडकीत. वाटलं, आता हात जाईल, आता जाईल. काच उघडी, तिच्यावर ऊन, आणि तो माणूस मला सांगतोय की पूर्वीचे दुरुस्तीवाले कसे जिवापाड काम करायचे.

शेवटी विचारलं त्यांनी, "बोल, काय सांगायला आलास? एवढ्या दिवसांनी मखमल दाखवायला नसशील आलास."

आणि मी, साडूभाऊ, ते धारदार वाक्य गिळलं. म्हटलं, "मखमलच. पट्टी जरा आखूड पडली होती तेव्हा. कोपरा राहिला असावा. कॅमेरा न्यायला आलोय, पक्का करून देतो."

"मग तेव्हाच कबूल करायचं होतंस," म्हणाले. "वर्ष घालवलंस उगाच." आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

माझी पट्टी आखूड नव्हती. ते मी इथे तुमच्यापुरतं लिहून ठेवतो.

रिक्षात माझ्या डोक्यात तुम्ही होतात. आधी वाटलं, अन्याय झाला तुमच्यावर, दोन पत्रं वाटेल तसं लिहिलं. मग उजेड पडला. तुम्ही उघडं झाकण त्याच वेळी पाहिलंत की धुताना ताडलंत, ते मला ठाऊक नाही. पण आईंना पोचवून आलो त्या दिवशी तुम्हाला नक्की ठाऊक होतं की हे बाबांच्या हातून झालंय. तुम्ही त्यांना वाचवलंत. ते ठीक केलंत. मीही तेच केलं. पण त्यांना झाकायला पांघरूण कुणाचं ओढलंत? स्वतःचं होतं की अंगावर! "मी फिल्म फिरवली, माझ्याकडून उघडं राहिलं," एवढंच म्हणायचं होतं. कुणीही मानलं असतं, उभेच होतात तिथे. चार दिवस बोलणी खाल्ली असतीत आणि विषय मिटला असता. तसं न करता तुम्ही खोलीभर नजर फिरवलीत आणि बघितलंत की या गर्दीत स्वस्तातला कोण आहे. ती नजर मी पाहिली होती. तेव्हा अर्थ लागला नव्हता.

चुकून केलं असतंत तर मी माफ केलं असतं. तुम्ही चांगल्या मनाने केलंत आणि तरी माझ्यावर ढकललंत, म्हणून माझा राग दुप्पट झालाय. हे समेटाचं पत्र नाही, गैरसमज नको.

पुढचं ऐका, कारण पुढचं वाईट आहे.

दुकानात मी एक काम केलं, आणि मला वाटलं की फार हुशारीचं केलं. झाकणाखाली बारीक स्प्रिंग बसवली. अंगठ्याने दाबून धरलं तरच उघडं राहतं. सोडलं की आपोआप बंद. विसरायची सोयच ठेवली नाही. म्हटलं, बाबांना कळणारही नाही आणि यापुढचे फोटो वाचतील. वर मखमलीची पट्टीही उगाच बदलली, दाखवायला.

काल नेऊन दिला. बाबांनी मखमलीवरून बोट फिरवलं, मान डोलावली. मग कॅमेरा पालथा केला आणि झाकण सरकवलं. सोडलं. टक्. पुन्हा सरकवलं, सोडलं. टक्. पुन्हा. मी म्हटलं, "चहा टाकू का बाबा?" टक्. टक्. आयुष्यभर ज्याने हाच धंदा केला, त्याच्या हातात मी ती स्प्रिंग दिली होती! कारकुनाला दिली असती तर खपली असती.

"हे मखमलीसाठी बसवलंस?" त्यांनी विचारलं.

मी काहीतरी बडबडलो, की धूळ जाऊ नये म्हणून.

ते खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "स्कार्फ नीटच होता तिचा. मी उगाच गेलो."

मी खूप बोलतो हे तुम्हाला माहीत आहे. मी कॅमेऱ्याच्या अभ्र्याची घडी घालत बसलो.

निघताना म्हणाले, "रविवारी दहाला सगळे या. आईची खुर्ची मधे ठेवू आणि फोटो काढू. फोटोच्या आधी मला सगळ्यांना काही सांगायचंय. तुला वर्षभर बोल लावला, तो सगळ्यांसमोर परत घेतला पाहिजे." मी जिना उतरलो तरी वरून आवाज येतच होता. टक्. टक्. फाटकापर्यंत.

मला हेच हवं होतं ना? वर्षभर मी याचीच वाट बघितली, की त्या घरात, सगळ्यांसमोर, माझं नाव धुतलं जाईल आणि आमची ही सरळ चपला काढून आत जाईल, स्वयंपाकघरापर्यंत. रविवारी ते होणार. फक्त त्यासाठी बाबा आईंच्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभे राहून सांगणार, "तिचा चेहरा माझ्या हातून गेला." मला ते ऐकायचं नाही. माझ्या कानांत एकदा गेलेलं बाहेर येत नाही, साडूभाऊ. त्या फोटोतली आई मला अजून ऐकू येते.

तेव्हा आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. विनंती नाही, सांगतो.

रविवारी तुम्ही सगळ्यांच्या आधी पोचायचं. ताईंना घेऊन, पोरांना घेऊन. बाबांनी तोंड उघडायच्या आत म्हणायचं: "बाबा, तुम्ही स्कार्फ नीट करायला गेलात तेव्हा मी मागून झाकण उघडून नंबर बघितला आणि तसंच ठेवलं. ह्यांचा काही दोष नाही. वर्षभर मी भ्यालो." बस. यातला एक शब्द खरा नाही, म्हणजे शेवटची दोन वाक्यं सोडून. तुम्हाला ते जमेल. खोटं तुम्ही आधीही बोलला आहात, ते माझ्या नावावर होतं. हे तुमच्या नावावर बोला.

बाबा फसतील का? मला नाही वाटत. ते मघाशी पत्रात म्हटलंच आहे, की कॅमेऱ्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत. पण स्वतः पुढे गेल्यावर पाठीमागे काय झालं, हे त्यांना शपथेवर सांगता येणार नाही. तेवढी फट त्यांना पुरे आहे. आयुष्यभर मी असल्या फटी बुजवल्या. ही एकच मी उघडी ठेवायला सांगतोय.

ताई रागावतील. तुमची मुलगी तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. स्टुडिओच्या पाटीखाली दोन दिवस लोक कुजबुजतील. कसं वाटतं ते मला विचारा, मी तपशिलात सांगेन. पण त्या दिवशी माझ्याशी हात मिळवायला येऊ नका, आणि आभारही मानू नका. मागच्या रांगेत जागा पुष्कळ आहे. तुम्ही एका टोकाला, मी दुसऱ्या.

आणि नाही आलात, तर मी बाबांना बोलू देईन. मग त्या खोलीत तुम्ही जी नजर फिरवली होती ती मी सगळ्यांना सांगेन.

ऊन बहुधा असेल. टोपी आणा.

फक्त रविवारच्या दहापर्यंत,
गळका